तेरा नंबरची गल्ली

मास्टरबाईंच्या लॅपटॉपला इमारतीतलं यच्चयावत वायफाय दिसत होतं, फक्त त्यांच्या स्वतःच्या घरचं तेवढं दिसत नव्हतं.

पडद्यावर नावांची रांग लागली होती. ‘तिसरा मजला’, ‘हात लावू नका’, ‘कोण रे तो’, आणि एक कुणीतरी कंटाळून नुसते आकडे ठोकून दिलेलं. समोरच्या इमारतीतल्या दातांच्या डॉक्टरांचं वायफायसुद्धा, क्षीण का होईना, हजर होतं. आणि ‘डेपो’ नावाचं घरचं वायफाय, ज्याचा राउटर हातभर अंतरावर कपाटावर हिरवे दिवे लावून बसला होता, त्याचा मात्र पत्ता नव्हता.

सकाळपर्यंत सगळं सुरळीत चालू होतं. सकाळी त्यांनी लॅपटॉपची सिस्टीम नवी करून घेतली, आणि तीही काही हौस म्हणून नव्हे. ज्या शिवणशाळेत त्यांची आज दुपारी परीक्षा होती, त्या शाळेचं ऑनलाइन वर्गाचं सॉफ्टवेअर जुन्या आवृत्तीवर चालत नाही असं तिथून कळवलं होतं. मग लॅपटॉपने बराच वेळ चाकं फिरवली, तीन-चार वेळा स्वतःच स्वतःला बंद करून चालू केलं, भाषा कुठली, देश कुठला, अक्षरं केवढी हवीत असल्या चौकश्या केल्या, आणि शेवटी ‘सर्व काही तयार आहे’ असं छातीठोकपणे सांगितलं. यंत्रांचा हा निलाजरेपणा मोठा पाहण्यासारखा असतो. घात करून ठेवतात आणि वर अभिनंदन करतात.

मास्टरबाई म्हणजे कटिंग मास्टर. कपडे शिवणाऱ्या एका कारखान्यात त्यांनी उभी हयात कापड बेतण्यात घालवली. बाई कटिंग मास्टर होते हे सुरुवातीला कुणाच्या पचनी पडलं नव्हतं, तेव्हा चिडवायला म्हणून कुणीतरी ‘मास्टरबाई’ म्हटलं आणि पुढे तेच नाव आदराने चिकटलं. मागच्या वर्षी कारखाना बंद झाला. त्याच्या आधी दोन वर्षं नवरा गेला होता. एकुलती एक लेक लग्न होऊन साता समुद्रापार, आणि ती दर फोनला एकच धोशा लावून बसलेली की, आई, आता तिथे कशासाठी राहतेस? ये माझ्याकडे कायमची.

बरं, लेक वाईट असती तर गोष्ट सोपी होती. पण लेक गुणाची, जावई त्याहून. त्यांनी आईसाठी खोलीसुद्धा लावून ठेवली होती. तेव्हा मास्टरबाईंनी शब्द दिला होता: या महिनाअखेरपर्यंत इथे काम मिळालं तर ठीक, नाहीतर मी गाशा गुंडाळून येते. महिना संपत आला होता. चार ठिकाणांहून नकार आले होते. ही शिवणशाळा शेवटची. चार वाजता तीन परीक्षकांसमोर ऑनलाइन एक वर्ग घेऊन दाखवायचा होता, ब्लाउजला बाही कशी लावावी यावर. त्यात पास झाल्या तर शाळेत शिक्षिका म्हणून नोकरी, नाही तर विमान.

आणि त्यांना जायचं नव्हतं. लेकीवर जीव होता, पण जायचं नव्हतं. तिकडे जाऊन त्या फक्त आई झाल्या असत्या, कुणाच्या तरी घरातल्या नीटनेटक्या खोलीतली शांत आई. इथे त्या मास्टरबाई होत्या.

“वहिनी, मी सांगतो, काही झालेलं नाही. राउटर बंद करा, चालू करा,” भाऊजी म्हणाले.

भाऊजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर. समोरच्याच दारात एकटे राहत. बसच्या डेपोत गाड्यांचं वेळापत्रक लावण्यात त्यांचा जन्म गेला होता, त्यामुळे जगातली कुठलीही अडचण ही गर्दी आणि वेळ यांचीच असते असं त्यांचं मत होतं. निवृत्त झाल्यावर हाताखाली एकही गाडी उरली नाही, तेव्हा त्यांनी वहिनींच्या घरचं वायफाय ताब्यात घेतलं. राउटर त्यांनीच आणला, त्यांनीच बसवून घेतला, आणि नावही त्यांनीच ठेवलं.

“तीनदा केलं,” मास्टरबाई म्हणाल्या.

“मग चौथ्यांदा करू. कधीकधी गाडी तिसऱ्या धक्क्यालाही सुरू होत नाही.”

चौथ्यांदा केलं. हिरवे दिवे विझले, लाल झाले, पुन्हा हिरवे झाले. पडद्यावर ‘कोण रे तो’ नेहमीपेक्षा ठळक दिसायला लागलं, आणि ‘डेपो’ नाहीच.

“विमानाचं चित्र बघा. ते चुकून दाबलं गेलं की सगळं बंद होतं.”

“विमान बंद आहे, भाऊजी. बंद नसतं तर शेजाऱ्यांची वायफायं दिसली असती का?”

भाऊजींना हे पटलं, पण पटलेलं कबूल करायची त्यांची रीत वेगळी होती. ते म्हणाले, “तेच मी म्हणणार होतो,” आणि पुढचं बटण शोधायला लागले. त्यांना एका जागी ‘हे नेटवर्क विसरा’ असं लिहिलेलं सापडलं. ते दाबलं की नव्याने ओळख होते, असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. मास्टरबाई “थांबा, थांबा” म्हणेपर्यंत त्यांनी दाबलंही. लॅपटॉपने आज्ञा तंतोतंत पाळली. आतापर्यंत ‘डेपो’ निदान जुन्या ओळखीत कुठेतरी पडून होता, तोही पुसला गेला.

“आता नवी ओळख कुणाशी करायची?” मास्टरबाईंनी विचारलं. “समोर माणूस तर हवा!”



मोबाइलवरून इंटरनेट घ्यावं, तर तीही सोय नव्हती. त्यांच्या दोन खोल्या तळमजल्यावर, आणि चहूबाजूंनी इमारती इतक्या उंच की मोबाइलला रेंज मिळायची ती फक्त जिन्याच्या पहिल्या वळणावर. परीक्षा मोबाइलवरच द्यावी, तर शाळेचं सॉफ्टवेअर त्यांच्या जुन्या फोनवर उघडत नव्हतं. आणि लॅपटॉप उचलून दुसरीकडे जावं, तर कापड बेतायचं टेबल काही काखेत मारून नेता येत नाही. टेबलाच्या वर, छताच्या हुकाला, खाली तोंड करून कॅमेरा टांगला होता आणि त्याची वायर लॅपटॉपला जोडली होती. टेबलावर मांजरपाटाचं कोरं कापड, त्याचंच नमुन्याचं एका बाहीचं ब्लाउज, टेप, खडू, टाचण्या, कात्री, बाजूला शिवणाचा पुतळा, सगळं सकाळपासून मांडलेलं. मांडलेलं बघूनच त्यांना गलबलून येत होतं.

मदतकेंद्राला फोन लावायचा म्हणून त्या कॅमेऱ्याची वायर काढून लॅपटॉपसकट जिन्याच्या वळणावर जाऊन बसल्या. पलीकडून एक मुलगी बोलत होती, आवाज गोड आणि घाई अजिबात नाही.

“मॅडम, सर्वप्रथम लॅपटॉप बंद करून चालू कराल का?”

“केलाय, बाळा.”

“पुन्हा एकदा कराल का? मला पुढच्या पायरीवर जाता येत नाही त्याशिवाय.”

मास्टरबाई स्वतः त्या वेळी पायरीवरच बसल्या होत्या आणि वरच्या मजल्यावरचे लोक त्यांना ओलांडून जात होते. त्यांनी पुन्हा केलं. मग मुलीने वायफायचा ड्रायव्हर काढायला लावला.

“ड्रायव्हर?” शेजारी उभे असलेले भाऊजी कान टवकारून म्हणाले. “ड्रायव्हरांचं मला विचारा. जन्मभर त्यांनाच सांभाळलंय.”

“हा वेगळा ड्रायव्हर, भाऊजी. लॅपटॉपला वायफायशी बोलायला शिकवणारा प्रोग्राम.”

“वेगळा असला तरी ऐकत नाही ना? मग सारखाच.”

ड्रायव्हर काढला, पुन्हा बसवला, जुना बसवून पाहिला, परत नवा बसवला. दर वेळी शेजाऱ्यांची नावं इमानेइतबारे परत येत राहिली. शेवटी त्या मुलीनेही हात टेकले. दुरुस्ती केंद्रात आणून द्या, चार-पाच दिवसांत मिळेल, असं म्हणून तिने त्यांना दिवस चांगला जावो अशी शुभेच्छा दिली.

परत खोलीत येऊन मास्टरबाई खुर्चीत बसल्या. तीन वाजून गेले होते. एका वायफायपायी आपलं घर सुटणार, हा विचार इतका हास्यास्पद होता की त्याचाच राग आला. आणि राग आला ते बरं झालं, कारण रागात त्यांचं डोकं नेहमीच चांगलं चालायचं. कारखान्यातही शिवून आलेला गठ्ठाच्या गठ्ठा अंगावर नीट बसत नाही म्हणून परत यायचा, सगळे आरडाओरडा करायचे, आणि मास्टरबाई कपाळाला आठ्या घालून शांत व्हायच्या.

“भाऊजी, बसा इथे. आता कशालाही हात लावायचा नाही.”

“पण वेळ—”

“कपडा अंगावर नीट बसत नसेल तर उसवायला घेत नाहीत. आधी बघतात, सुरकुती कुठे पडलीय. सुरकुती जिकडे बोट दाखवते तिकडे चूक असते. आपण सकाळपासून नुसतं उसवतोय.” त्यांनी पदर खोचला. “मला सांगा, तुमच्या मोबाइलला डेपो दिसतोय?”

“चकाचक दिसतोय.”

“म्हणजे राउटर ठीक. लॅपटॉपला बाकीच्यांची वायफायं दिसतात, म्हणजे लॅपटॉपही ठीक. दोघंही चांगले, फक्त एकमेकांशी पटत नाही. तर मग आपल्या राउटरमध्ये असं काय आहे, जे या बाकीच्यांमध्ये नाही?”

हा प्रश्न भाऊजींना कुणीतरी विचारावा म्हणून ते गेली दोन वर्षं वाट पाहत होते. त्यांची छाती फुगली.

“आपला राउटर तेरा नंबरच्या गल्लीत आहे, वहिनी!”

“कुठल्या गल्लीत?”

“चॅनल म्हणतात त्याला. हवेत वायफायसाठी गल्ल्या असतात. आता ही इमारतीतली मंडळी, सगळी एक, सहा नाहीतर अकरा नंबरात घुसून बसलीत. नुसती धक्काबुक्की. मी मोबाइलवर गर्दी मोजली, आठवडाभर मोजली, सकाळ-संध्याकाळ. तेरामध्ये कुत्रं फिरकत नव्हतं. म्हटलं, आपली गाडी इथून सोडायची. म्हणून तर तुमचा लेकीशी व्हिडिओ कधी अडकत नाही. कधी अडकला?”

“नाही अडकला,” मास्टरबाईंनी मान्य केलं. आणि लगेच म्हणाल्या, “पण काल रात्रीपर्यंत लॅपटॉप याच गल्लीत जात होता. आज का जात नाही? आज त्याच्यात काय बदललं?”

भाऊजी पडद्याजवळ वाकले. चष्मा वर केला, खाली केला.

“काय बदललं विचारता? सगळंच बिघडलंय याचं. हे घड्याळ बघा. भरदुपारी पहाट दाखवतंय.”

मास्टरबाईंनी घड्याळाकडे पाहिलं.

“आणि तारखेतही महिना आधी, दिवस नंतर. डोकंच फिरलंय याचं.”

“घड्याळ बिघडलेलं नाही,” मास्टरबाई हळूच म्हणाल्या. “ते लेकीकडचं आहे.”

भाऊजींनी त्यांच्याकडे पाहिलं.

“सकाळी त्याने विचारलं, तुम्ही कुठल्या देशात राहता. मी तिचा देश दाबला. म्हटलं, तिच्याकडे किती वाजलेत ते आपोआप कळेल. फोन करताना दर वेळी बोटं मोजायला नकोत.” त्या थांबल्या. मग खरं ते बोलल्या. “आणि म्हटलं, महिनाभरात जायचंच आहे. आत्तापासूनच लिहून टाकावं.”



“म्हणजे तुम्ही गेलातच, वहिनी,” भाऊजी म्हणाले. “मला वाटत होतं, अजून ठरायचंय.”

त्यांचा आवाज असा कधी कुणी ऐकला नव्हता. थोरला भाऊ, मास्टरबाईंचा नवरा, गेला तेव्हाही सगळी धावपळ त्यांनीच केली होती आणि सगळ्यांवर ओरडत केली होती. आता मात्र ते टेबलावरचा खडू उचलून नुसता फिरवत बसले. मास्टरबाईंना वाटलं, या माणसाला समोरच्या दारात एकटं टाकून जायची तयारी आपण किती सहज केली होती, एक बटण दाबून. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण भाऊजी डेपोतले होते. दुःख झालं तरी त्यांचं डोकं वेळापत्रकातच पळायचं. खडू फिरवता फिरवता ते एकदम थांबले.

“कुठला देश दाबलात म्हणालात?”

“तिचा.”

“वहिनी!” भाऊजी उभेच राहिले. “अहो, तिकडे तेरा नंबर बंद आहे!”

“म्हणजे?”

“राउटर बसवायला आलेला तो कारागीर मला म्हणाला होता. काका, म्हणाला, तेरा नंबर इथे चालतो, पण काही देशांत ती गल्ली वायफायला बंद असते. तिथले नियम तसे आहेत. आणि त्याने नेमकं आपल्या जावयांच्या देशाचं नाव घेतलं, म्हणून तर माझ्या लक्षात राहिलं. मी म्हटलं, बरंय, तिकडचे नियम तिकडे. आपल्याला काय करायचंय?” त्यांनी लॅपटॉपकडे बोट दाखवलं. “याला वाटतंय हा तिकडे आहे! कायदा पाळतोय बिचारा. तेरा नंबराकडे ढुंकूनसुद्धा बघत नाही!”

मास्टरबाईंनी कपाळावर हात मारला, आणि मग दोघंही खो खो हसत सुटले. अख्खी दुपार त्यांनी राउटर झोपवला, उठवला, ड्रायव्हर बदलले, त्या गोड मुलीचं डोकं खाल्लं, आणि लॅपटॉप मात्र परदेशात बसून तिथले नियम पाळत होता.

“झालं तर मग,” भाऊजींनी मोबाइल काढला. “दोन मिनिटांचं काम. मी राउटरला सहा नंबरात नेऊन बसवतो. तिथे लॅपटॉपला दिसेल. त्याचा देश राहू दे आहे तोच.”

असं म्हणताना त्यांनी मोबाइलकडेच पाहिलं. आठवडाभर गर्दी मोजून मिळवलेली गल्ली ते वहिनींसाठी सोडायला निघाले होते, आणि वहिनींचा देश बदलायला त्यांना सांगायचं नव्हतं. मास्टरबाईंना हे दोन्ही कळलं.

“सहामध्ये गर्दी किती?”

“पाच जण आहेत. चित्र थोडं अडकेल. पण चालून जाईल.”

“टाचणी कुठे टोचली ते परीक्षकांना दिसायला हवं. अडकून चालायचं नाही.” त्यांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला. “राहू द्या तुमची गल्ली. तिला हात लावायचा नाही. मी कुठे राहते ते मीच चुकीचं सांगितलंय, तर मीच नीट सांगते.”

त्यांनी ती जागा शोधून काढली. देशांची नावं खाली-वर सरकत होती. त्यांनी स्वतःच्या देशावर बोट ठेवलं आणि जरा जोरातच दाबलं. लॅपटॉपने विचारलं, खरंच बदलायचं का? यंत्रांना असल्या वेळी शंका फार. मास्टरबाई मोठ्याने म्हणाल्या, “हो, खरंच.”

मग तो म्हणाला, पुन्हा सुरू करावं लागेल. आणि पुन्हा सुरू होता होता त्याला आणखी काही सकाळची राहिलेली कामं आठवली. ‘कृपया बंद करू नका’ असं लिहून तो गोल गोल फिरत बसला. टक्केवारी तीसवर आली आणि तिथेच रुसली. भाऊजी येरझाऱ्या घालायला लागले. चाळीस. मास्टरबाईंनी छताच्या कॅमेऱ्याची वायर पुन्हा जोडली. साठ. त्यांनी एव्हाना सगळ्या टाचण्या एका ओळीत लावल्या होत्या, मग त्या मोडून पुन्हा एका ओळीत लावल्या. चार वाजायला फार तर पाच-सात मिनिटं उरली असतील तेव्हा पडदा काळा झाला, उजळला, आणि घड्याळात दुपार दिसली.

त्यांनी वायफायच्या खुणेवर बोट ठेवलं. ‘तिसरा मजला’. ‘हात लावू नका’. ‘कोण रे तो’. आणि सगळ्यांच्या डोक्यावर, सगळ्यांत ठळक, ‘डेपो’.

“आला!” भाऊजी असे ओरडले की ‘तिसरा मजला’वाल्यांनासुद्धा ऐकू गेलं असावं. “आला, वहिनी, आला!”

पासवर्ड भाऊजींना तोंडपाठ होता. लॅपटॉप जोडला गेला. मास्टरबाईंचा जीव भांड्यात पडला, पण त्याकडे बघायला वेळ नव्हता.

“भाऊजी, शर्ट काढा.”

“काय?”

“बनियनवर उभं राहायचं. हा मांजरपाटाचा नमुना घाला. पुतळ्याला हात नाहीत, मी बाही कुणाला लावू? चला, उगाच लाजू नका.”

अशा रीतीने तीन परीक्षकांना लॅपटॉपच्या स्वतःच्या कॅमेऱ्यातून सर्वांत आधी दर्शन झालं ते एका प्रौढ गृहस्थांचं, अंगात कोरं, एका बाहीचं, टाचण्यांनी भरलेलं ब्लाउज आणि चेहऱ्यावर कर्तव्याचा कमालीचा गंभीर भाव. मधल्या खुर्चीतल्या मुख्याध्यापिकाबाई खोकल्या. मग मास्टरबाई बोलायला लागल्या, आणि कुणी खोकलं नाही.

त्यांनी सांगितलं की, बाहीचा वरचा गोल मुंढ्यापेक्षा, म्हणजे बाही जोडायच्या भोकापेक्षा, थोडा मोठाच असतो, आणि नवशिके तो जास्तीचा भाग चूक समजून कापून टाकतात. मग बाई हात वर करते आणि ब्लाउज वर चढतं. “तो जास्तीचा भाग चूक नाही, ती हात हलवायची जागा आहे. तो कापायचा नाही, जिरवायचा.” आणि त्यांनी धावदोऱ्याच्या दोन ओळी घातल्या, दोरा अलगद ओढला, आणि ते जास्तीचं कापड कुठेही चुणी न पडता मुंढ्यात जिरवून दाखवलं. बोटं चुकली नाहीत. चित्र एकदाही अडकलं नाही. तेरा नंबरची गल्ली साफ मोकळी होती.

परीक्षकांतला एक तरुण डिझायनर सुरुवातीपासून पेन्सिल चावत बसला होता. त्याने मध्येच थांबवलं. “मॅडम, बाही बसली छान. पण त्यांनी हात खाली सोडला की पुढच्या बाजूला तिरकी सुरकुती पडतेय. तुमचं बेतणं चुकलं का?”

सुरकुती खरंच होती. भाऊजींनी मान न हलवता डोळे फिरवून वहिनींकडे पाहिलं. त्यांना वाटलं, संपलं.

मास्टरबाईंचे डोळे मात्र चमकले. “बरं झालं विचारलंत. बेतणं चुकलेलं नाही. या माणसाने जन्मभर टेबलावर वाकून वेळापत्रकं लिहिलीत. त्यांचे खांदे पुढे आलेत, म्हणून हातही पुढे लोंबतात. बाही सरळ उभ्या माणसाची आहे आणि हात यांचा आहे. अशा वेळी उसवून नव्याने कापायचं नाही.” त्यांनी वरच्या टाचण्या काढल्या, बाही मुंढ्यात बोटभर पुढे फिरवली आणि पुन्हा टाचली. “भाऊजी, हात खाली सोडा. नेहमीसारखा.”

भाऊजींनी हात सोडला. बाही गुळगुळीत उतरली, सुरकुती गायब.

“कपडा चुकत नाही, माणसंही चुकीची नसतात,” मास्टरबाई म्हणाल्या. “कोण कसा उभा राहतो, ते आधी बघायचं. मुलींना मी पहिल्या दिवशी कात्री देणारच नाही. नुसतं बघायला लावीन.”

तरुण डिझायनरने पेन्सिल तोंडातून काढली. मुख्याध्यापिकाबाई शेजारच्याशी काहीतरी कुजबुजल्या, मग कॅमेऱ्याकडे बघून म्हणाल्या, “खरं तर आम्ही उद्या कळवतो असं म्हणायची पद्धत आहे. पण उगाच कशाला ताटकळत ठेवायचं? सोमवारपासून शाळेत येता का वर्गाला? काही मुली समोर असतात, काही ऑनलाइन.”

मास्टरबाई “हो” म्हणाल्या. आणखीही बरंच काही म्हणायचं होतं, पण “हो” शिवाय काही सुचलं नाही. पडदा मिटला आणि त्यांना आभाळ ठेंगणं झालं. भाऊजींनी आनंदाच्या भरात दोन्ही हात वर केले, त्यासरशी चार-पाच टाचण्या त्यांच्या काखेत टोचल्या, आणि विजयाची पहिली आरोळी ही खरं तर त्यांची कळ होती. मग दोघांनी चहा केला, आणि भाऊजींनी ते ब्लाउज काढायचं राहूनच गेलं.

लेकीकडे उजाडलं असेल असा बोटांवर हिशोब करून मास्टरबाईंनी लॅपटॉपवरून तिला फोन लावला. लेक झोपेतून उठून समोर आली, केस विस्कटलेले, हातात कॉफी. मास्टरबाईंनी आडपडदा ठेवला नाही. नोकरी लागली, मी इथेच राहणार, तुझ्याकडे येईन ती सुट्टीत येईन आणि परत जाईन, असं एका दमात सांगून टाकलं.

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. खोली लावून ठेवली होती तिने, वाईट वाटणारच होतं, आणि वाटलं. ते तिने लपवलं नाही. “मला तू इथे हवी होतीस गं,” ती म्हणाली. “पण किती दिवसांनी तुझा चेहरा असा दिसतोय.” मग नाक पुसून म्हणाली, “वर्ग किती वाजता असतो?”

“संध्याकाळी. तुझी भल्या सकाळची वेळ. का?”

“मी नाव घालू? मला अजून बाही लावता येत नाही.”

मास्टरबाईंनी पदराने डोळे टिपले आणि आवाज कडक केला. “घाल. पण उशीर चालणार नाही, गृहपाठ बुडवायचा नाही, आणि वर्गात आई म्हणून हाक मारायची नाही.”

“हो, मॅडम,” लेक म्हणाली, आणि मापं घ्यायचा टेप शोधायला उठून गेली.